चौदा साकवांची मोट

साहेबांनी नकाशावर लाल पेनाने चौदा टिंबं काढली आणि सगळ्यांभोवती एक गोल मारला. म्हसळ्याच्या बाजूचं एक टिंब गोलाबाहेर राहिलं, म्हणून गोलाला तिथे त्यांनी एक पोट काढलं. मग पेनाला टोपण लावून म्हणाले, "झालं. हे आता एक काम."

ती चौदा टिंबं म्हणजे चौदा साकव. माणसं, गुरं, फार तर एखादी रिक्षा जाईल एवढे लहान पूल. दिघी-आगरदांड्याच्या खाडीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या गावांचे. त्यातले अकरा डोंगराच्या पायथ्याशी, पऱ्यांवर म्हणजे ओढ्यांवर, जिथे टिकाव मारला की हातात झिणझिण्या येतात अशा पक्क्या जमिनीत. उरलेले तीन खाडीच्या फाट्यांवर, खाजणात. खाजण भरतीला बुडतं आणि ओहोटीला तिथे नुसता चिखल उरतो. त्या अकरांचं आणि या तिघांचं नातं एवढंच की सरकारी कागदात दोघांचं नाव एक होतं.

मी बांधकाम खात्यात उपअभियंता. तेव्हाही होते, आजही आहे. याच भागातल्या एका वाडीतली. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, आणि आमच्या बौद्धवाडीतून इंजिनीअर झालेली मी पहिली मुलगी. हे मिरवायला सांगत नाही. त्या चौदा जागा मी पायांनी ओळखत होते, एवढंच सांगायचंय. त्यातल्या एका साकवावरून मी सात वर्षं शाळेत गेले होते.

मोट बांधायची सूचना वरून आली होती. सुटी सुटी कामं काढू नका, एकच निविदा काढा, मोठी एजन्सी येऊ द्या. सूचना अगदीच वेडगळ होती असं मी म्हणणार नाही. चौदा निविदा म्हणजे चौदा नस्त्या, चौदा ठेकेदार, आणि त्यातले दोघे-तिघे अर्धा पाया घालून गणपतीला गावी जातात ते शिमग्यापर्यंत फोन उचलत नाहीत. हे मी भोगलेलं आहे. पण कामं एकत्र केली की पुढचा प्रश्न येतो : ती करून कशी घ्यायची? तिथे आमच्याकडे दोन वाटा. जुनी वाट अशी, की जमीन आम्ही तपासायची, नकाशे आम्ही काढायचे, ठेकेदाराने आम्ही सांगू तेवढं खोदायचं नि ओतायचं, आणि झालेल्या कामाचं माप होऊन त्याचं बिल निघायचं. नवी वाट अशी, की ठेकेदाराला म्हणायचं, आम्हाला इथे पूल हवा. जमीन तू तपास, नकाशा तू काढ, बांध तूच, सगळ्याची मिळून एक रक्कम ठरव, आणि चुकलं तर तुझं तू बघ. ऐकायला फार गोड. मी तिची वैरीण नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका मोठ्या खाडीपुलावर मी तशाच ठेक्यात काम केलं होतं, आणि तिथे तेच बरोबर होतं. पूल एक, जागा एक, आणि जमिनीची तपासणी आधी वर्षभर झालेली. पद्धत निवडायची तर आधी कामाकडे बघावं लागतं, एवढं साधं माझं म्हणणं.

निवड शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून एक सल्लागार नेमला गेला. वय तिशी-पस्तिशीचं, आवाज मऊ, बूट असे की आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यातही ते जपून टाकत होता. तो पुलाला पूल कधी म्हणाला नाही. त्याचा शब्द 'असेट'. गावाला गाव म्हणाला नाही, 'स्टेकहोल्डर' म्हणाला. पहिल्याच बैठकीत त्याने भिंतीवर एक तक्ता दाखवला. बारा निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण, प्रत्येकाचं वजन वेगळं. वेळेची खात्री, जबाबदारीची एकवाक्यता, नावीन्याला वाव, असं काहीबाही. मी बाराही निकष दोनदा वाचले. पूल ज्याच्यावर बांधायचे त्या पाण्याबद्दल एकही नव्हता. मी तसं विचारलं, तर तो हसला आणि म्हणाला, "ते रिस्क ट्रान्सफरमध्ये कव्हर्ड आहे, मॅडम." पाणी ट्रान्सफर झालं. कुठे झालं ते त्याने सांगितलं नाही.

पाहणीला एक दिवस ठरला. चौदा जागांना एक दिवस.

मी साहेबांना म्हटलं, "नुसतं फिरायलाच दोन दिवस लागतात, साहेब."

"त्यांना वेळ कमी आहे," साहेब म्हणाले. साहेबांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ते वाईट नव्हते. पावसाळ्यात दरड कोसळली तर छत्री घेऊन स्वतः उभे राहायचे. पण वरच्या माणसाचा वेळ कमी आहे म्हटलं, की त्यांना स्वतःची अक्कलही कमी वाटू लागायची.

आम्ही आगरदांड्याहून गाडी फेरीबोटीत चढवली. आमच्याबरोबर आमचा मुकादम होता. तीस वर्षं रस्त्याच्या गँगमध्ये काढलेला, खाडीकाठचा कोळी माणूस, पाण्याचा रंग बघून किती वाजले ते सांगणारा. सल्लागार कठड्याला टेकून उभा होता. त्याने विचारलं, "ही भरती रोज साधारण किती वाजता येते?"

मुकादमाला वाटलं तो थट्टा करतोय. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "ती काय एस्टी हाय व्हय, सायेब? रोज पाऊण तास उशिरा येते. पुनवेला नि अवसेला उधाण, तवा पानी लय चढतं. मधी अष्टमी-नवमीला भांग, तवा पानी थोडं. खाडीतलं काम भांगाला करायचं."

सल्लागाराने मोबाइलवर काहीतरी टिपलं. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं : 'टाइड – व्हेरिएबल'.

दिघीला उतरल्यावर रस्त्याच्या कडेचे चार साकव त्याने उतरून पाहिले. पुढचे गाडीच्या काचेतून. दुपारी आम्ही खाडीच्या फाट्यावरच्या गावाशी पोचलो तेव्हा मी गाडी थांबवायला लावली आणि म्हटलं, इथे मात्र उतरायचंच. बांधावरून दहा मिनिटं चालावं लागलं. तो बुटांकडे बघत चालला. साकव जुना, दगडी खांबांचा, वरची फरशी दोन जागी फुटलेली, पण उभा. पलीकडे साठेक घरं. ओहोटी लागली होती. मुकादमाने बांधावर पडलेला एक लांब बांबू उचलला, खांबाशेजारी चिखलात उभा धरला आणि दोन्ही हातांनी दाबला. बांबू गेला. पुरुषभर गेला, आणखी पुरुषभर गेला, शेवटी त्याच्या मुठीत हातभर शेंडा उरला.

"इथं बांबू घातला तर बांबूच दिसत न्हाय," तो म्हणाला. "दगुड कुठं लागंल ते खाडीलाच ठावं."

मी ते जसंच्या तसं माझ्या वहीत लिहून घेतलं, तारीख-वेळ घालून. सल्लागार साकवाचा फोटो काढत होता.

एवढ्यात पलीकडून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पोषण आहाराची पिशवी, गावच्या अंगणवाडी सेविका. सरकारी गाडी पाहून थांबल्या. मला म्हणाल्या, "नवीन बांधतायत म्हनं?"

"हो, ताई."

"तोडनार कवा नि बांधनार कवा?"

मी सल्लागाराकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे बघून समजावणीच्या सुरात म्हणाला, "दोन्ही गोष्टी एकाच एजन्सीकडे असणार आहेत. त्यामुळे काळजी नको."

"एकाकडंच हाय ते बरं झालं," ताई म्हणाल्या. "पन मधल्या दिसांत आमी जायचं कुठनं?"

सल्लागाराने माझ्याकडे पाहिलं. मी आठ किलोमीटरच्या वळशाचा विचार करत होते. वळशाच्या रस्त्याला एसटी नाही. बारा निकषांऐवजी हा एकच ठेवला असता तरी चाललं असतं, असं मला तेव्हा वाटलं. तिथे मात्र मी फक्त "बघू काहीतरी करू" असं म्हटलं. सरकारी माणसाच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलेलं असतं की ते आपण बोललो हेही कळत नाही.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर सूर्यास्ताचा फोटो. मी पाठवलेल्या टिपणीतलं बांबूचं वाक्य त्यात नव्हतं. फोन केला तेव्हा सल्लागार म्हणाला, "ते थोडं अनसायंटिफिक होतं, मॅडम." शास्त्रीय काय होतं? तर जमीन तपासायला त्यांच्या माणसांनी दोन बोअर घेतले होते, दोन्ही डोंगराकडे, कारण मशीनची गाडी तिथवर जात होती. खाली लिहिलं होतं की इतर ठिकाणी परिस्थिती साधारण अशीच गृहीत धरावी. गृहीत धरलं की खाडीचा दगड होतो, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

गुण देण्याची बैठक झाली. साहेब, सल्लागार, मी आणि आणखी दोन अधिकारी, ते चहा येईपर्यंत बसले. मी घरून तक्ता भरून नेला होता, प्रत्येक गुणापुढे कारण लिहून. माझ्या हिशेबाने डोंगराकडच्या अकरा कामांची एक मोट आणि तिला नवी वाट, हे उत्तर येत होतं. सगळे सारखे, जमीन पक्की, एकच नमुना अकरा वेळा ओतायचा. आणि खाडीचे तीन वेगळे काढून जुन्या वाटेने, जमीन आधी आम्ही तपासून.

सल्लागाराने माझे आकडे लॅपटॉपमध्ये घातले. उत्तर माझ्या बाजूने आलं. मग त्याने 'जबाबदारीची एकवाक्यता' याचं वजन वाढवलं. उत्तर अजून माझ्या बाजूला. आणखी वाढवलं. 'स्थानिक परिस्थिती' हा निकष मी भांडून घालायला लावला होता, त्याचं वजन अर्ध्यावर आणलं. मग उत्तर फिरलं. हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत, भिंतीवर, मोठ्या अक्षरांत चाललं होतं, आणि खोलीत कुणालाही त्याची लाज वाटत नव्हती. मी म्हटलं, "साहेब, हे काय चाललंय?"

साहेब हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, चौदांची एकच निविदा काढायची हे उत्तर वरूनच आलंय. आपण फक्त रीत दाखवायची. शाळेत नव्हतो का करत, मागच्या पानावर उत्तर बघून?"

मी सही केली.

यावर पांघरूण घालायचं म्हटलं तर पुष्कळ सापडेल. बदलीची भीती होती, मुलीचं बारावीचं वर्ष होतं, आणि एका सहीने काय अडणार होतं. पण खरं कारण असं की खोलीतल्या सगळ्यांनी केली होती, आणि मला घरी जायचं होतं. सल्लागाराला मी आजवर पुष्कळ नावं ठेवली आहेत, पण त्याला निदान खाडी माहीत नव्हती. मला माहीत होती.

त्या रविवारी वडिलांना भेटायला वाडीवर गेले तेव्हा त्यांना सांगितलं. ते ओटीवर चवळी निवडत होते. ऐकून म्हणाले, "आमच्या केंद्रात एक मास्तर होता. तो आधी निकाल लावायचा, मग पेपर तपासायचा. आम्ही सगळे त्याला हसायचो."

"मग?"

"मग काय. तो केंद्रप्रमुख झाला. आणि आम्ही हसलो तेवढंच. तक्रार कुणी केली नाही, मीही नाही." ते पुन्हा चवळी निवडू लागले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

निविदा निघाली, एजन्सी आली. लांबच्या जिल्ह्यातली, मोठी, त्यांच्या पांढऱ्या गाड्या एकसारख्या. त्यांच्या नकाशाकाराने चौदा जागांसाठी एकच नकाशा काढला, खाली फक्त गावाचं नाव बदललेलं. करारात कामाची प्रगती टप्प्यांनी मोजायची होती, आणि पहिला टप्पा होता 'जुने बांधकाम हटवणे'. नव्या वाटेत ठेकेदाराने आधी काय करायचं, नंतर काय, हे त्याचं तो ठरवतो. आम्ही फक्त टप्पा झाला की नाही ते बघायचं. त्यामुळे त्यांनी शहाण्या माणसासारखं केलं. एका महिन्यात चौदाही साकव पाडले आणि चौदांचे फोटो जोडून पहिला टप्पा पूर्ण दाखवला. वर जिल्ह्याच्या बैठकीत आमचं कौतुक झालं. साहेबांनी ते मला फोन करून सांगितलं. मग मशीनं हलली ती रस्त्याच्या कडेच्या सोप्या कामांकडे, आणि खाडीच्या तीन गावांच्या वाटेला नुसते मोडके खांब राहिले.

गावाने चार पोफळी तोडून आडव्या टाकल्या. मी दोनदा एजन्सीला पत्र लिहिलं की तात्पुरता रस्ता करून द्या. उत्तर आलं की करारात तशी बाब नाही. मी करार काढून पाहिला. खरंच नव्हती. जुन्या पद्धतीत ती बाब आम्ही डोळे मिटून घालतो, वळणरस्ता म्हणून. इथे ती ठेकेदाराच्या 'नावीन्याला वाव' या सदरात गेली होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मुकादमाचा फोन आला. "मॅडम, त्या अंगनवाडीच्या बाय पोफळीवरनं पडल्या. हात मोडला."

तालुक्याच्या दवाखान्यात गेले. प्लॅस्टर घातलेला हात पोटाशी धरून ताई खाटेवर बसल्या होत्या. पिशवी डोक्यावर होती, पोफळ ओली होती, पाय सरकला. चिखल होता म्हणून वाचल्या, असं त्यांची सून म्हणाली. मी 'कशा आहात' एवढंच विचारलं.

"माजं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पोरांचा आहार सगळा चिखलात गेला. चार दिसांचा व्हता, आता पोरं उपाशी ऱ्हातील." मग थोड्या वेळाने, अगदी सहज, "पंचायतीत कागुद लावलाय तुमचा, त्यो गुनांचा. सगल्यांच्या सह्या हायत त्यावर. तुमचीबी हाय."

त्यात टोमणा नव्हता. त्यांनी वाचलं होतं आणि त्या सांगत होत्या. मी गाडीत येऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, दहा मिनिटं थांब.

त्याच आठवड्यात एजन्सीचं पत्र आलं. तीन ठिकाणी खोदल्यावर 'अनपेक्षित' खोल चिखल लागला, ठरलेला पाया बसत नाही, तरी मुदतवाढ द्यावी आणि कामाचं स्वरूप बदलावं, नाहीतर ही तीन कामं वगळावीत. अनपेक्षित! मी ते पत्र मुकादमाला वाचून दाखवलं. तो तंबाखू मळत होता. म्हणाला, "मग मी बांबू कशाला घातलावता? खेल म्हनून?"

या वेळी मी बैठकीची वाट पाहिली नाही. साहेबांकडे नस्ती पाठवली, त्यात पाच पानांची टिपणी. खाडीची तीन कामं मोटेतून काढून घ्यावीत, त्यांची जमीन खात्याने तपासावी, नकाशे खात्याने काढावेत, आणि जुन्या पद्धतीने लहान निविदा काढाव्यात. एजन्सीलाच ती नको आहेत, तेव्हा भांडण नाही. पहिल्या पानाला माझ्या वहीतल्या त्या दिवसाच्या नोंदीची प्रत जोडली, बांबूसकट. आणि शेवटी लिहिलं की गुणांच्या तक्त्यावर मी सही केली ती माझं मत नसताना केली, त्याची जबाबदारी माझी. हे शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं.

साहेबांनी बोलावलं. नस्ती पुढ्यात होती. "हे शेवटचं वाक्य काढा."

"नाही, साहेब."

"उद्या चौकशी लागली तर?"

"लागली तर बांबूचं वाक्य अहवालातून कुणी काढलं, तेही निघेल."

त्यांनी नस्ती पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. चौकशी या शब्दाने निवृत्तीला टेकलेल्या माणसाचं काय होतं ते मला माहीत होतं, आणि मी तो मुद्दामच त्यांच्या तोंडून येऊ दिला होता. शेवटी त्यांनी 'सहमत' लिहिलं, सही केली आणि म्हणाले, "सल्लागाराचा अभिप्राय घ्यावा लागेल."

सल्लागाराचा अभिप्राय दोन दिवसांत आला. तो इतका आनंदाने सहमत होता की मला धडकी भरली. त्याने लिहिलं होतं की अशा प्रकारची लवचीकता मूळ आराखड्यात अभिप्रेतच होती.

मंजुऱ्या यायला वैशाख उजाडला. तोवर मी निदान एक केलं. दुरुस्तीच्या कामातून, नियमात बसवून, तिन्ही ठिकाणी लोखंडी पायपूल टाकून घेतले, कठड्यासकट. ते करायला चार दिवस लागले. ते मी पहिल्या दिवशीही करू शकले असते.

पावसाळ्यानंतर खाडीची कामं सुरू झाली. बोअर घ्यायला मशीन तराफ्यावरून न्यावं लागलं. दगड लागला तो मुकादमाच्या बांबूच्या तीन-चारपट खाली. म्हणजे खालपर्यंत खांब उतरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. काम घेतलं ते मुरूडकडच्या एका लहान ठेकेदाराने. तो स्वतः साइटवर लुंगीत उभा राहायचा. मुकादमाने कॅलेंडरवर भांगाच्या दिवसांना खुणा करून दिल्या, आणि खांबांचं ओतकाम त्याच दिवसांत झालं. नकाशा मी काढला, रोज मापं मी घेतली. दोनदा खांबाची जागा हातभर सरकवली, कारण खाली जुन्या बांधाचे दगड लागले. एकरकमी ठेक्यात तेवढ्यासाठी सहा महिने पत्रव्यवहार झाला असता.

डोंगराकडचे अकरा साकव एजन्सीने वेळेत आणि चांगले बांधले. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर मीही त्या सल्लागारासारखीच ठरेन, वजनं बदलून उत्तर काढणारी. त्या अकरांना मोट बरोबर होती, नवी वाटही बरोबर होती. आमच्या जुन्या रीतीने अकरा ठेकेदारांकडून ते एवढ्या लवकर झाले नसते.

दरम्यान साहेब निवृत्त झाले, शाल-नारळ झाला. खाडीची कामं संपल्यावर अलिबागला एक कार्यशाळा भरली, आम्हाला सक्तीने बोलावलं. सल्लागार व्यासपीठावर होता. विषय होता लहान कामांची मोट आणि मिश्र पद्धतीची यशोगाथा. पडद्यावर माझ्या खाडीपुलाचा फोटो आला. फोटोत मुकादम होता. तो अर्धा कापला होता, एक खांदा तेवढा राहिला होता. सल्लागार मऊ आवाजात म्हणाला, "आम्ही सुरुवातीलाच ओळखलं की टायडल साइट्स वेगळ्या ट्रीट कराव्या लागतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या तालुक्यातल्या उपअभियंत्याने मला कोपर मारून विचारलं, "तुमच्याकडचंच ना हे? हुशार दिसतोय." मी म्हटलं, फार. जेवणात पनीर होतं. खाडीच्या तोंडावर कार्यशाळा भरवून पनीर.

निवडीच्या बैठकीला मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. मुकादम निवृत्त झाला. आता बोटीवर असतो.

मागच्या महिन्यात त्या गावाला गेले. पूल छान दिसत होता. मला तो बघायला आवडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. ताई पलीकडून येत होत्या, हातगाडी ढकलत. पोषण आहार आता गाडीवर आणतात. मोडलेल्या मनगटाला थोडं वाकडेपण राहिलंय. पुलाच्या चढावर त्या थांबल्या, गाडीच्या चाकाला दगड लावला आणि दम घेऊ लागल्या. मी धावत जाऊन गाडी धरली.

"मॅडम, तुमीच केलाय ना नकशा?"

"हो, ताई."

"मग चढ एवढा कशाला घातलाव? रिकामी गाडी चढती, भरली चढत न्हाय. दोन बाया लागतात."

मी सांगितलं की उधाणाचं पाणी वरून जाऊ नये म्हणून पूल उंच घेतलाय, आणि पलीकडे जागा कमी होती म्हणून चढ उभा झाला. सगळं बरोबर होतं. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या.

"व्हय, पानी न्हाय येत आता," त्या म्हणाल्या. "पन आमाला कुनी इचारलं न्हाय, गाडी चढंल का म्हनून."

कुणी विचारलं नव्हतं. वर्षभर मी त्या काठावर उभी होते, रोज मापं घेत होते, त्यांच्या हातचा चहा पीत होते. नकाशा पसरून मी त्यांना एकदाही दाखवला नाही. सल्लागाराच्या बारा निकषांत जे नव्हतं, ते माझ्या वहीतही नव्हतं.

आम्ही दोघींनी मिळून गाडी चढवली. पुढच्या सोमवारी लेव्हल मशीन आणि टेप घेऊन मी परत गेले. ताईंना बरोबर घेतलं, भरलेली गाडी घेऊन. कुठून कुठपर्यंत ढकलता येते ते त्यांनी दाखवलं, मी खुंट्या मारल्या. पोचरस्ता दोन्ही बाजूंनी बराच लांबवावा लागेल, पलीकडे एका घराचा वई-कुंपणाचा कोपरा जाईल, त्या घरच्यांनी हो म्हटलंय. प्रस्ताव पाठवलाय. नवे साहेब म्हणाले, एवढ्याशा कामाची वेगळी निविदा कशाला, पुढच्या मोटेत टाकू.

मी नाही म्हणून लिहून दिलंय. मंजुरी अजून आलेली नाही.